ताप न आलेले आजारपण

आमच्या करंज्याचा डोंगर मूळचा आमचा नव्हे, असे जुनी माणसे सांगतात. लक्ष्मणाला शुद्धीवर आणण्यासाठी मारुतीराया द्रोणागिरी उचलून निघाला, तेव्हा त्याचा एक तुकडा वाटेत इथे गळून पडला; तोच हा डोंगर! तेव्हा संजीवनीवर आमचा वाडवडिलांपासूनचा हक्क आहे. हक्क आहे एवढेच. एरवी साध्या खोकल्याचे औषध हवे असले तरी आम्ही उरणचा रस्ता धरतो, आणि उरणला निभावले नाही तर मोऱ्याची लाँच पकडून मुंबई गाठतो. उरण एके काळी पनवेल तालुक्यातच मोडत असे. आजही आमच्याकडचे म्हातारे बाहेरगावी कुणी विचारले तर 'आम्ही पनवेलकडचे' असे सांगून मोकळे होतात. डोंगराच्या पायथ्याशी द्रोणागिरी देवीचे देऊळ, पुढे कोळीवाडा आणि जेट्टी, आणि खाडीच्या पलीकडे रेवस. बोंबील, करंदी, जवळा यांच्या वासाने हवा अशी भरलेली असते की नवख्या पाहुण्याला पहिला दिवस जड जातो.

अशा या गावात, जिथे पाणी खारे, वारा खारा, सुकवलेली मासळी खारी आणि परिसरात पिढ्यान्पिढ्या मिठागरे पिकत आलेली, तिथे एका बाईच्या गळ्यातली आयोडीनवर चालणारी ग्रंथी बंद पडावी याचे सगळ्यांनाच नवल वाटले. ती बाई म्हणजे माझी आत्या.

आत्या कोळीण. पहाटे चारला बंदरावर लिलावाला उभी राहायची, बोली लावून पाटी भरायची आणि सूर्य डोंगरावर येईपर्यंत उरणच्या बाजारात बसलेली असायची. आवाज हे कोळणीचे निम्मे भांडवल असते, आणि आत्याचा आवाज तर असा की तिने गिऱ्हाइकाला हाक मारली तर शेजारच्या तीन पाट्यांवरची गिऱ्हाइकेही मान वळवीत. २०२० च्या सुमाराला हा आवाज बसू लागला. आधी घोगरा झाला, मग जाड झाला. बोलताना जीभ जड झाल्यासारखे शब्द येऊ लागले. चेहरा सुजल्यासारखा दिसे. केस जाऊ लागले. वैशाखातही तिला अंगावर गोधडी लागे. पाचशेच्या नोटेची मोड करताना जी बाई कधी अडखळली नाही, ती बोटांवर हिशेब करू लागली. हे सगळे एकदम झाले असते तर कुणाच्या ध्यानात आले असते. पण ते भरतीच्या पाण्यासारखे हळूहळू चढत आले, आणि घरातल्यांना वाटले की बाईचे वय झाले. 'बसून बसून जाड झाली,' असे एकाने म्हटले. 'आळस भरलाय अंगात,' असे दुसऱ्याने. एका शेजारणीने बाहेरचे काही असेल म्हणून लिंबू उतरवून टाकायला सांगितले, आणि ते टाकलेही.

त्यातच ती दोन वर्षे करोनाची. त्या काळात 'प्रतिकारशक्ती' हा शब्द घराघरांत शिरला. त्याआधी हा शब्द मी शाळेच्या पुस्तकात एकदाच पाहिला होता. आता तो वाण्याच्या दुकानातही ऐकू येऊ लागला. काढे, चूर्णे, गोळ्या, सरबते, सगळ्यांवर तोच शब्द. आत्याला पावसाळाभर खोकला असे, सर्दी हटता हटत नसे. तेव्हा तिची 'प्रतिकारशक्ती कमी' हे निदान घरातच झाले आणि तिला रोज सकाळी काढा सुरू झाला. तो काढा मी चाखला आहे. त्याने आजार पळत असेल तर तो केवळ चवीला भिऊनच पळत असणार.

जानेवारी २०२३ मध्ये तिला पुन्हा खोकला झाला. जेवण सुटले, झोप वाढली. आम्ही थर्मामीटर लावला, तर पारा शहाण्णवच्या वर चढेना. 'मना काय झालंय? ताप नाय, काय नाय. जराशी थंडी हाय अंगान,' असे म्हणून ती कुशीवर वळली. ज्या डॉक्टरांकडे नेले त्यांनीही ताप नाही असे पाहून खोकल्याचे औषध दिले. आपल्याकडे ताप हाच आजाराचा दाखला असतो. ताप नाही म्हणजे शाळेत जा, ताप नाही म्हणजे पाटी उचल. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आत्याला हाका मारल्या तर ती डोळे उघडी आणि पुन्हा मिटी. त्या वेळी लाँच नव्हती. शिवडी-न्हावा पूल तेव्हा व्हायचा होता. गाडी करून खाडीला वळसा घालत, पनवेल-वाशीवरून, रात्री आम्ही तिला मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात नेले.

तिथे छातीचा फोटो काढला, तर उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढरा झालेला. न्यूमोनिया. ताप नसलेला न्यूमोनिया! पण ज्या तरुण डॉक्टरबाई रात्रपाळीला होत्या त्यांनी फोटो पाहून झाल्यावर आत्याच्या हाताची कातडी चिमटीत धरून पाहिली, नाडी मोजली, आणि मग रबरी हातोडीने घोट्यामागच्या शिरेवर ठोकले. पाय उडाला, पण जागेवर परत यायला त्याने वेळ लावला. एखादे जड दार सावकाश मिटावे तसा. 'यांचा आवाज कधीपासून असा आहे?' एवढेच त्यांनी विचारले. त्या प्रश्नाआधी दोन-अडीच वर्षांत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. रक्ताचा अहवाल आला तेव्हा टी.एस.एच. या नावापुढे शंभराहून अधिक असा आकडा होता. निरोगी माणसाचा तो साधारण चारच्या आत असतो.

मी कलाशाखेचा विद्यार्थी. शास्त्राशी माझा संबंध दहावीला संपला आणि दोघांनाही त्याचे दुःख झाले नाही. पण अतिदक्षता विभागाच्या बाहेरच्या बाकावर नऊ दिवस बसून राहिल्यावर माणसाला दुसरे काही सुचत नाही. जे वाचले, विचारले आणि समजले ते इथे मांडतो. या आजाराचे रुग्ण आपल्यापैकी कित्येकांच्या घरात आहेत. भारतातल्या आठ शहरांत पाच हजारांहून अधिक प्रौढ माणसांची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. त्यांत शंभरांपैकी जवळजवळ अकरा जणांमध्ये या ग्रंथीची कमतरता आढळली. म्हणजे आपल्या वर्गातल्या पटावरून हात फिरवला तर दोन-चार घरे निघणारच.

आधी नावाचा घोळ. आपण सर्रास 'त्यांना थायरॉइड झालाय' असे म्हणतो. थायरॉइड सर्वांनाच असतो! 'मला यकृत झाले आहे' असे कुणी म्हणत नाही. मराठीत तिला अवटु ग्रंथी असे भारदस्त नाव आहे; ते परिभाषाकोशाबाहेर फारसे कुणी वापरत नाही, तेव्हा मीही आग्रह धरीत नाही. गळ्यापुढे, घाटीच्या खाली, फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी बसलेली असते. रक्तातले आयोडीन ती उचलते आणि त्याचे दोन रस करते : एकात आयोडीनचे चार अणू, दुसऱ्यात तीन. चार अणूंचा तो थायरॉक्सिन. शरीर त्यातला एक अणू काढून टाकते आणि तीन अणूंचा जोरकस रस तयार करते. हृदयाने किती वेळा ठोके द्यावेत, आतड्यांनी किती वेगाने चालावे, शरीराने किती ऊब तयार करावी, या सगळ्याची गती या रसावर ठरते. मेंदूच्या तळाशी दुसरी एक ग्रंथी पहारा देते. रस कमी पडला की ती टी.एस.एच. नावाचा हुकूम सोडते. गळ्यातली ग्रंथी ऐकेनाशी झाली की हुकमांचा आवाज वाढत जातो. आत्याचा शंभरावरचा आकडा म्हणजे तो आरडाओरडा होता.

ही ग्रंथी बंद पडलेल्या माणसाला बरे करता येते, हे पहिल्यांदा १८९१ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या डॉक्टराने दाखवले. त्याने मेंढीच्या ग्रंथीचा अर्क काढून शेहेचाळीस वर्षांच्या एका बाईला टोचला. ती बाई उठून बसली, कामाला लागली आणि त्यानंतर अठ्ठावीस वर्षे जगली. त्यासाठी शेकडो मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या! पुढे १९१४ च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत केंडल यांनी थायरॉक्सिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले आणि १९२७ मध्ये इंग्लंडमध्ये ते प्रयोगशाळेत तयार करण्यात आले. आज आत्या घेते ती मोहरीहून जरा मोठी गोळी या सगळ्या मेंढ्यांची वारस आहे.

आता मूळ प्रश्न. ग्रंथीचा रस कमी पडला तर रोगाशी लढण्याच्या शक्तीचे काय होते? बाकावर बसून मी हा प्रश्न निरनिराळ्या माणसांना विचारला आणि प्रत्येकाने निराळे उत्तर दिले. मला वाटते त्याचे कारण असे, की प्रश्नात तीन प्रश्न गुंतलेले आहेत.

पहिला प्रश्न तापाचा, आणि आत्याच्या बाबतीत तोच जिवावर बेतला. ताप म्हणजे रोग नव्हे. ताप ही शरीराची युद्धाची तयारी. जंतू शिरले की मेंदू शरीराचे उष्णतामान मुद्दाम वर चढवतो. त्या उष्णतेत पांढऱ्या पेशी अधिक चपळ होतात आणि बऱ्याच जंतूंची वाढ मंदावते. पण उष्णता चढवायला आधी चुलीत जळण हवे. ग्रंथीचा रस जवळजवळ नसेल तर शरीराची चूल मुळातच विझत आलेली असते. नाडी मंद, त्वचा गार, पारा शहाण्णव. अशा शरीरात जंतू घुसले तरी पारा चढत नाही, फार तर नेहमीच्या रेषेवर येतो. म्हणून या रुग्णांच्या बाबतीत जाणते डॉक्टर उलटा विचार करतात : ज्याचे अंग इतके गार असायला हवे त्याचा पारा सामान्य दिसतोय, तेव्हा कुठेतरी जंतुसंसर्ग असावा! उपचार न झालेल्या रुग्णाला न्यूमोनिया किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग झाला की हा मंदावलेला गाडा एकदम थांबू लागतो. श्वास उथळ होतो, शुद्ध हरपत जाते. हे बहुतांशी उतारवयाच्या बायकांना आणि थंडीच्या दिवसांत होते, आणि आजच्या काळातही उपचार मिळूनसुद्धा यात पुष्कळ माणसे दगावतात. म्हणून ताप आहे की नाही याची वाट न पाहता जंतुनाशके सुरू करतात, आणि ग्रंथीचा रस शिरेवाटे किंवा नळीवाटे देतात. आत्याला हे दोन्ही पहाटेच्या आत सुरू झाले, म्हणून ती आज आहे.

गावाकडच्या थंडीत 'थंडी हाय अंगान' म्हणणाऱ्या किती बायका अशा झोपल्या असतील, हा विचार त्या बाकावर माझ्या मनात वारंवार येई. मृत्यूच्या दाखल्यावर काय लिहिले गेले असेल? म्हातारपण. आणि ताप तर नव्हताच.

दुसरा प्रश्न पेशींचा. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना या रसाची गरज असते काय? असते, असे दिसते. त्यांच्यात हा रस ओळखणारी कुलुपे असतात आणि तो फोडणारी यंत्रणाही असते. जंतू गिळणाऱ्या पेशी थायरॉक्सिनमधले आयोडीन सुटे करतात, आणि ते आयोडीन जंतू मारण्याच्या कामी येत असावे असा अभ्यासकांचा कयास आहे. जखमेला आपण टिंक्चर आयोडीन लावतो, तसलाच काही प्रकार पेशीच्या पोटात चालत असावा, ही कल्पना मला फार आवडली. प्रयोगशाळेत उंदरांची एक बुटकी जात आहे. जन्मतःच तिच्यात हा रस नसतो. तिच्या हाडांच्या मज्जेत प्रतिद्रव्ये बनवणाऱ्या पेशींची पैदास कमी होते, आणि थायरॉक्सिन दिले की ती सुधारते. उंदराचे सगळे माणसाला लागू पडतेच असे नाही. माणसांत चित्र बरेच सौम्य आहे. ज्यांचा आजार ओळखला गेला आहे आणि जे गोळी नियमित घेतात, ते संसर्गाशी इतरांसारखेच लढतात. करोनाच्या साथीत न्यूयॉर्कमध्ये २०२० साली हे तपासले गेले. ग्रंथीची कमतरता असलेल्या रुग्णांना इस्पितळात दाखल व्हावे लागण्याचा किंवा मृत्यूचा धोका त्यामुळे वाढलेला आढळला नाही. तेव्हा घाबरून जाण्याची बाब नाही. न ओळखलेल्या आजाराची मात्र आहे.

इथे एक मौज सांगितलीच पाहिजे. निरोगी ग्रंथीच्या माणसालाही मोठा संसर्ग झाला की शरीर आपणहून या रसाची पातळी खाली आणते. जणू संकटात घरचा खर्च आवरावा तसे. त्यामुळे ऐन आजारपणात केलेली ही तपासणी डॉक्टरांनाही चकवते. आत्याच्या आकड्याने शंकेला जागाच ठेवली नव्हती.

तिसरा प्रश्न सर्वांत विलक्षण. आत्याची ग्रंथी बंद का पडली? घरात पहिली शंका मिठावर गेली. आत्या घरात आणि मासळी खारवायला खडेमीठ वापरी. आता एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते : समुद्राच्या मिठात आयोडीन जवळजवळ नसतेच. समुद्राच्या एका लिटर पाण्यात ते जेमतेम पन्नास-साठ मायक्रोग्रॅम, आणि वाफ्यात पाणी आटून मिठाचे खडे बसतात तेव्हा त्यांतले फारसे खड्यांत येत नाही. म्हणूनच ते वरून मिसळावे लागते. प्रौढ माणसाला दिवसाला दीडशे मायक्रोग्रॅम पुरते. सत्तर वर्षांच्या आयुष्याचा हिशेब केला तर चहाचा एक चमचाही भरणार नाही. हिमालयाच्या पायथ्याशी मात्र तेवढेही मिळत नसे, आणि गावेच्या गावे गलगंडाने वाकलेली असत. कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून मिठावाटे आयोडीन देऊन गलगंड उतरवून दाखवला. त्यावरून १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. थेट खाण्यासाठी बिनआयोडीनचे मीठ विकण्यावरची बंदी मध्यंतरी उठली, ती १७ मे २००६ पासून पुन्हा लागू झाली. पण आत्याचे दुखणे मिठाचे नव्हते. जी बाई जन्मभर दोन वेळा मासळी खाते तिला आयोडीन कमी पडण्याचे कारण नाही. त्या आठ शहरांच्या पाहणीतही मुंबई, गोवा, चेन्नई ही किनाऱ्यावरची शहरे आतल्या शहरांपेक्षा थोडीशीच मागे होती.

आत्याच्या रक्तात निघाली ती प्रतिद्रव्ये, आणि ती कुणाच्या विरुद्ध? तिच्याच ग्रंथीच्या विरुद्ध! जी फौज जंतूंवर धावून जायची ती तिच्याच गळ्यावर चालून गेली होती आणि वर्षानुवर्षे ती ग्रंथी कुरतडत होती. आयोडीन पुरेसे असलेल्या प्रदेशात ग्रंथीच्या कमतरतेचे हेच सर्वांत मोठे कारण आहे. म्हणजे कमतरतेमुळे प्रतिकारशक्ती बिघडली असे आम्ही समजत होतो, आणि वस्तुतः प्रतिकारशक्ती बिघडल्यामुळे कमतरता आली होती.

हा आजार हाशिमोतो या जपानी डॉक्टराच्या नावाने ओळखला जातो. फुकुओकाच्या विद्यापीठात काम करीत असताना त्याने चार बायकांच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. त्यांत ग्रंथीच्या पेशींच्या जागी पांढऱ्या पेशींची दाटी झालेली होती. हे त्याने १९१२ साली जर्मन भाषेत लिहून प्रसिद्ध केले. त्या वेळी कुणी फारसे लक्ष दिले नाही. तो युरोपात गेला, महायुद्ध पेटल्यावर परतला, आपल्या गावी दवाखाना चालवू लागला, आणि १९३४ साली विषमज्वराने वारला. आपले नाव जगभरच्या रक्तचाचण्यांच्या अहवालांवर येणार आहे याची त्याला कल्पनाही नसावी. गावातल्या अशा वैद्याविषयी मला, का कोण जाणे, फार आपुलकी वाटते.

त्या पांढऱ्या पेशी तिथे काय करीत होत्या, हे कळायला १९५६ उजाडावे लागले. शरीर स्वतःवर उलटणे शक्यच नाही, असा तोवर शास्त्रज्ञांचा दंडक होता. एर्लिख या थोर जर्मन शास्त्रज्ञाचा तो वारसा. अमेरिकेत बफेलो येथे नोएल रोझ हा तरुण संशोधक विटेब्स्की यांच्या हाताखाली सशांवर प्रयोग करीत होता. सशाला सशाच्याच ग्रंथीचा अर्क टोचला, तर सशाने त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये बनवली आणि त्याची स्वतःची ग्रंथी सुजली. त्याच वर्षी लंडनमध्ये रॉइट आणि डोनियाक यांना हाशिमोतोच्या रुग्णांच्या रक्तात तशीच प्रतिद्रव्ये सापडली. दंडक मोडला. सशाने शास्त्रज्ञांना शहाणे केल्याची गोष्ट पंचतंत्रात शोभली असती.

हे कळल्यावर मला त्या काढ्याची आठवण झाली. 'प्रतिकारशक्ती वाढवा' असे लिहिलेल्या बाटल्या आजही दुकानांत आहेत. ती काय टाकीतल्या पाण्यासारखी असते, की उतरली तर भरावी? आत्याच्या शरीरात तिची एक तुकडी जंतूंपुढे गारठून बसली होती आणि दुसरी आपल्याच घराची मोडतोड करीत होती. यांतली नेमकी कोणती वाढवायची? या प्रश्नाचे उत्तर बाटलीवर छापलेले नसते. आणि खरे सांगायचे तर त्या फौजेला आवरण्याचे काम आत्याची गोळीही करीत नाही. ग्रंथीने करायचा रस ती बाहेरून पुरवते, एवढेच. पण तेवढ्याने नाडी, ऊब, हिशेब आणि आवाज परत येतो.

आवाज यायला चार महिने लागले. थायरॉक्सिन शरीरात रेंगाळणारे औषध आहे. निम्मे संपायलाच आठवडा जातो. मात्रा बदलली की दीड-दोन महिने थांबून मगच रक्त तपासतात. गोळी उपाशीपोटी घ्यायची, नंतर अर्धा-पाऊण तास चहा नाही. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून चार तास दूर. पहाटे चारच्या लिलावाला जाणाऱ्या बाईला हे गणित अवघड पडले. 'चाय नाय तं दर्यावर मी उभी कशी ऱ्हाऊ, बाला?' असे तिने मला विचारले. शेवटी ती सव्वातीनला उठून पाण्याबरोबर गोळी घेते, पुन्हा पडते आणि चारला बंदरावर चहा पिते. ही युक्ती तिची तिनेच काढली.

आता गोष्ट तिच्या मुलीची, म्हणजे माझ्या आतेबहिणीची. हा आजार घराण्यातून उतरतो आणि पुरुषांपेक्षा बायकांत कितीतरी पटींनी अधिक. म्हणून डॉक्टरांनी तिचीही तपासणी केली. टी.एस.एच. अगदी ठीक, पण प्रतिद्रव्ये निघाली. ती विशीची आहे. चढावर पळते, भांडते, तिला काहीही होत नाही. इंग्लंडमध्ये व्हिकहॅम भागातल्या लोकांवर वीस वर्षे लक्ष ठेवण्यात आले. ज्या बायकांत केवळ प्रतिद्रव्ये होती त्यांच्यापैकी दर वर्षी शंभरात सुमारे दोघींची ग्रंथी बंद पडत गेली. म्हणजे तिला होईल, किंवा होणारही नाही. औषध काही नाही. वर्षातून एकदा रक्त द्यायचे, आणि पुढे दिवस राहिले तर लगेच तपासायचे. कारण पहिल्या महिन्यांत पोटातल्या बाळाच्या मेंदूला आईच्याच थायरॉक्सिनवर वाढावे लागते. बाळंतपणानंतरही जपायचे, कारण गर्भारपणी शांत बसलेली ही फौज बाळंतपणानंतर पुन्हा उसळते.

आत्याचे म्हणणे असे की यातले अवाक्षर बाहेर जाता कामा नये. मुलगी लग्नाची आहे. माझ्याच आळीत एक सून गोळ्यांची बाटली तांदळाच्या डब्यात लपवून ठेवी, आणि सासू घरात असेल त्या दिवशी गोळी चुके. हे आत्याला ठाऊक आहे, तरीही तिचे म्हणणे तेच. बहिणीचे म्हणणे नेमके उलट. 'तुझी हालत कशान झायली? कोनी काय बोलला नाय म्हनून,' असे ती आईला तोंडावर म्हणाली. दोघींत चार दिवस अबोला होता. मला दोघींचेही पटत होते आणि म्हणून दोघींनीही मला घराबाहेर काढले.

गेल्या माघात रेवसकडून तरीने पाहुणे आले. पोहे झाले, चहा झाला, आणि आत्या डोळ्यांनी दटावीत असताना बहिणीने स्वतःच सगळे सांगून टाकले. प्रतिद्रव्ये, वार्षिक तपासणी, सगळे. खोलीत क्षणभर कुणी बोलले नाही. मग मुलाच्या आईने बशी खाली ठेवली आणि विचारले, 'गोळी चालू झायली का?' 'नाय अजून.' 'मी पंच्याहत्तरची घेतंय, दहा वर्सां झायली,' ती म्हणाली आणि आत्याकडे वळून तिने विचारले, की तुमचा आकडा किती होता?

सोयरीक अजून ठरलेली नाही. मुलगा बोटीवर नोकरीला आहे, वर्षातले आठ महिने बाहेर असतो, आणि आत्याला ते पसंत नाही.